पेलेट स्मोकरवर मटणाचं तापमान दरवेळी वेगळं का दिसतं, आणि त्यासाठी थर्मामीटर कोणता घ्यावा

पुण्यात पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या छोट्या गोळ्या जाळून मांस धुरावर सावकाश शिजवणारं विजेवरचं यंत्र, वापरणारे अजून मोजकेच आहेत, पण त्यांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकू येते. स्मोकरचा डिस्प्ले ११० अंश सेल्सिअस दाखवत असतो, जाळीवर ठेवलेला प्रोब, म्हणजे थर्मामीटरची तापमान मोजणारी सळई, ९५ म्हणतो, मटणात खुपसलेला प्रोब ९२ला पोचून बीप करतो, आणि बोकडाची मांडी कापायला घेतली की हाडालगतचं मटण चिवट, सुरीला दाद देत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग आणखी महागडा, मोबाइल अ‍ॅपवाला थर्मामीटर मागवला जातो आणि त्याच्यावरही हाच अनुभव येतो.

बहुतेक वेळा थर्मामीटर खरंच सांगत असतो. त्याचं टोक जिथे आहे तिथलं तापमान तो दाखवतो, आणि चुकलेली असते ती जागा. वरचे तीन आकडे म्हणजे तीन वेगवेगळ्या जागांची तापमानं आहेत. ती एक यायला हवीत ही अपेक्षाच सोडून द्यायला हवी. म्हणून आधी निदान करा. कोणता थर्मामीटर घ्यायचा हे त्या निदानातूनच बऱ्यापैकी ठरतं.

पहिली तपासणी: बर्फ आणि उकळतं पाणी

हातातला थर्मामीटर बिघडलाय की नाही हे घरात दहा मिनिटांत कळतं. मोठ्या ग्लासात बारीक फोडलेला बर्फ काठोकाठ भरा, फटी भरतील इतकंच गार पाणी घाला, ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. प्रोबचं टोक मधोमध धरा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आकडा शून्याच्या आसपास, एखाद्या अंशाच्या फरकाने आला की थंडातलं मोजमाप बरोबर आहे. पाणी जास्त आणि बर्फ कमी असेल तर तळाचं पाणी तीन-चार अंशांवर राहतं आणि चांगल्या थर्मामीटरवर उगाच आळ येतो. बर्फ ग्लासाच्या तळापर्यंत भरलेला हवा.

उकळत्या पाण्याच्या तपासणीत पुण्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. उंची सुमारे ३०० मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू जवळजवळ एका अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ अंशांवर उकळतं. सिंहगडाच्या माथ्यावर, सुमारे १,३०० मीटरवर, तेच ९६च्या आसपास येईल. अनेक थर्मामीटरमध्ये आकडा वर-खाली करायची सोय असते. ‘उकळतं पाणी म्हणजे १००’ असं धरून लोक तो दोन अंशांनी वर सरकवतात आणि मग चांगला थर्मामीटर कायमचा दोन अंश जास्त दाखवू लागतो. कोथरूडला किंवा हडपसरला ९८ दिसलं तर त्याला हात लावू नका, तो उत्तम आहे.

दोन्ही तपासण्यांत आकडा ठीक आला तर थर्मामीटर निर्दोष धरा आणि पुढे चला. बर्फात बरोबर पण उकळत्या पाण्यात पाच-सात अंश चुकत असेल तर प्रोब गेला. असा प्रोब आकडा सरकवून दुरुस्त होत नाही.

डिस्प्ले आणि जाळी यांचं का जमत नाही

पेलेट स्मोकरच्या पोटात काय चाललंय ते पाहिलं की हा प्रश्न निम्मा सुटतो. हॉपरमधल्या, म्हणजे साठवणीच्या टाकीतल्या, लाकडाच्या गोळ्या एक स्क्रू, म्हणजे ऑगर, ढकलत छोट्या अग्निपात्रात टाकतो. तिथे पंखा हवा फुंकतो. कंट्रोलर आतल्या भिंतीवरच्या एका सेन्सरकडे बघून ऑगर चालू-बंद करतो. हा सेन्सर बहुधा प्लॅटिनमचा रोधक असतो, तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध वाढतो. तो भिंतीला लागून आणि तुमची मांडी जाळीच्या मधोमध, वर थंड मटणाचा मोठा गोळा. दोन्हीकडे तापमान सारखं कसं असेल?

शिवाय गोळ्या हप्त्याहप्त्याने पडतात, त्यामुळे तापमान सतत वर-खाली होत राहतं. दहा-पंधरा अंशांचं हेलकावणं बहुतेक यंत्रांत नेहमीचंच आहे. डिस्प्लेवर स्थिर ११० दिसतं कारण अनेक कंट्रोलर सरासरी काढून किंवा आकडा गुळगुळीत करून दाखवतात. स्वतंत्र प्रोब ते हेलकावे जसेच्या तसे दाखवतो. दोघांची तुलना करायचीच असेल तर रिकाम्या स्मोकरमध्ये करा, अर्धा तास तापू द्या, मग वीस मिनिटं दर मिनिटाला दोन्ही आकडे लिहा आणि सरासऱ्या ताडून बघा. फरक दरवेळी तेवढाच निघाला तर तो लक्षात ठेवून डिस्प्ले तितका वर किंवा खाली लावायचा, झालं.

फरक दरवेळी बदलत असेल तर मात्र कारण शोधायला हवं. सर्वांत आधी त्या भिंतीवरच्या सेन्सरवर काजळी आणि तेलकट थर बसलाय का ते बघा. थर बसला की सेन्सर उशिरा जागा होतो आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त गोळ्या टाकून बसतं. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तो हळूच पुसा. मग अग्निपात्रातली राख काढा.

पुण्यातल्या या मोजक्या स्मोकरांत अमेरिकेहून सामानाबरोबर आणलेले बरेच दिसतात, विशेषतः तिकडे नोकरी करून परतलेल्यांकडे. ते १२० व्होल्टचे, म्हणून लोक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावतात. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या मॉडेलमधली ऑगरची एसी मोटर इथे जवळपास एक षष्ठांश सावकाश फिरते, म्हणजे तेवढ्याच वेळात गोळ्या कमी पडतात. डिसेंबरच्या रात्री, गच्चीवर वारं असताना, असा स्मोकर ठरवलेल्या तापमानाला पोचायला धापा टाकतो. डीसी मोटर असलेल्या नव्या मॉडेलना हा त्रास नाही. तुमच्या यंत्रात कोणती मोटर आहे हे तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

गोळ्यांबद्दलही सांगायला हवं, कारण थर्मामीटरवर येणारा ठपका पुष्कळदा त्यांचा असतो. पावसाळ्यात गोळ्या ओल धरतात, फुगतात आणि भुसा होतो. भुशाने ऑगर अडकतो, आग मंदावते, आकडा गडगडतो. मूठभर गोळ्या वाकवून बघा, कोरडी गोळी कट्‌ करून तुटते, ओली बोटांत चुरगळते. गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जून ते सप्टेंबर वापर झाल्यावर हॉपर रिकामा करा. बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त बायोमास पेलेट स्मोकरमध्ये घालू नका. त्यात शेतातला कचरा, भुसा, कधी आणखी काय असेल ते दळलेलं असतं. राख खूप पडते, आणि तो धूर आपण खाणार असलेल्या मटणाला लागतो. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

मटणातला आकडा का फसवतो

आपल्या समस्येचा खरा गाभा इथे आहे.

आपण मांडीला मसाला मुरावा म्हणून चिरा पाडतो. दह्या-मसाल्यात रात्रभर ठेवतो. प्रोब खुपसताना तो सहज आत जाईल अशी जागा हात आपोआप शोधतो आणि ती जागा म्हणजे नेमकी चीर. चिरेत टोक असलं की त्याला भोवतालची गरम हवा, वितळलेली चरबी आणि मसाल्याचा रस लागतो. आकडा भराभर चढतो, बीप होतो, आणि आत दोन बोटांवर मटण अजून मागेच असतं. अमेरिकन पाककृतींत अशा चिरा सहसा नसतात, म्हणून तिथल्या सूचनांत हा धोका लिहिलेला सापडत नाही. एक साधा उपाय आहे: चिरा पाडण्याआधीच मांडीचा सर्वांत जाड भाग ठरवा आणि तेवढ्या भागावर चिरा पाडू नका.

चिरा पाडल्यावर स्वच्छतेचा हिशेबही बदलतो. अख्ख्या मांसात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, चिरांमधून ते आत जातात. ४ ते ६० अंश हा पट्टा जंतूंच्या वाढीला सोयीचा, म्हणून गाभा ६०च्या वर जायला चार तासांहून जास्त लागू नयेत एवढं बघायचं. ते कळायला प्रोब सुरुवातीपासून आत हवा आणि खऱ्या गाभ्यात हवा.

दुसरी जागा म्हणजे हाड. टोक हाडाला टेकलं की तो आकडा हाडाचा असतो, आणि हाड मांसापेक्षा वेगळ्या गतीने तापतं. अंदाज बाहेरून बांधा: मांडीच्या जाड भागाची रुंदी प्रोबवर बोटाने मोजा, हाड कुठून जातं ते चाचपा आणि हाड व पृष्ठभाग यांच्या मध्यावर टोक येईल असं तिरकं घाला.

यावर एक पडताळा आहे आणि तो प्रत्येक वेळी करावा. पटकन वाचणारा हातातला थर्मामीटर अपेक्षित गाभ्याच्या थोडा पुढपर्यंत घाला आणि हळूहळू बाहेर ओढत आकडा बघत राहा. आकडा उतरतो, सर्वांत खाली येतो आणि मग पुन्हा चढतो. तो सर्वांत कमी आकडा म्हणजे गाभा. असं दोन-तीन ठिकाणी करायचं. हे जमायला थर्मामीटर दोन-तीन सेकंदांत आकडा देणारा हवा. वीस सेकंद घेणाऱ्यावर ही युक्ती चालत नाही.

मग मध्येच आकडा थांबतो. ६५ ते ७५च्या दरम्यान तास-दीड तास, कधी जास्त, प्रोब जागचा हलत नाही आणि लोक ‘प्रोब अडकला’ म्हणून तो काढून दुसरा लावतात. प्रोबला काही झालेलं नसतं. पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी जसं गार होतं तसंच. दह्याचा ओला लेप असला तर हे आणखी लांबतं. घाई असेल तर मांडी फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्पीभवन थांबतं आणि आकडा पुन्हा चालू लागतो. घाई नसेल तर काहीही करू नका.

आकडे किती हवेत? अमेरिकेच्या कृषी विभागाने सुरक्षिततेसाठी दिलेले आकडे असे: कोंबडी ७४, खिमा ७१, लाल मांसाचे अख्खे तुकडे ६३ आणि वर तीन मिनिटं विश्रांती. पण बोकडाची मांडी ६३ला कुणी आवडीने खाणार नाही. तिच्यातला चिवट कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन, विरघळून मऊ व्हायला ९०-९५ लागतात, तेही सावकाश गाठलेले. अमेरिकन पाककृतींत दिसणारे २२५ आणि २०३ हे फॅरनहाइट आहेत, आपले १०७ आणि ९५. थर्मामीटरचं बटण चुकून फॅरनहाइटवर गेलं असेल तर सगळं निदान वाया जातं, तेही एकदा बघून घ्या.

मग घ्यावा कोणता

आपल्याकडचं मांस लहान असतं हे निवडताना डोक्यात पक्कं ठेवा. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमध्ये किंवा पेठेतल्या नेहमीच्या दुकानात मिळणारी बोकडाची मांडी दीड-दोन किलोची, कोंबडी सव्वा-दीड किलोची आणि बहुधा सालाशिवाय. अमेरिकेतल्या सहा किलोच्या मांसासाठी बनवलेला, पेन्सिलीएवढा जाड बिनतारी प्रोब कोंबडीच्या छातीत घातला तर तो तुकड्याचा मोठा भागच व्यापतो. शिवाय बऱ्याच बिनतारी प्रोबमध्ये बॅटरी आत असते, म्हणून मांसात एका खुणेपर्यंत तो घालावाच लागतो, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स तापून मरतं. आपल्या तुकड्यांत ती खूण बाहेरच राहते. त्याच प्रोबच्या दुसऱ्या टोकावरचा हवेचा सेन्सर थंड मांसाच्या इतका जवळ असतो की स्मोकरचं तापमान कमी दाखवतो. बिनतारी प्रोब दिसायला सुटसुटीत आहेत, हे कबूल. पण आपल्या मटणासाठी पहिली खरेदी म्हणून मी ते सुचवत नाही.

मी सुचवतो ती जोडी अशी. एक, हातात धरायचा थर्मोकपलवाला (टोकाशी दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडलेला), दोन-तीन सेकंदांत आकडा देणारा, निमुळत्या बारीक टोकाचा. दोन, तारेचा, निदान दोन प्रोबचा, एक मांसात राहणारा आणि एक जाळीवर चिमट्याने लावायचा. जाळीवरचा प्रोब मांसापासून पाच सेंटिमीटर तरी लांब हवा. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर हातातला घ्या. जागा चुकली की नाही हे तोच सांगतो.

अचूकतेच्या जाहिरातीकडे फार लक्ष देऊ नका. अर्धा अंश की एक अंश, याने मटणाला काही फरक पडत नाही. टोक दोन सेंटिमीटर सरकल्याने होणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. विचारायचं ते हे: टोक किती बारीक, आकडा किती सेकंदांत, तार किती अंश सोसते, पाण्यापासून बचाव किती आणि नुसता प्रोब वेगळा मिळतो का. पावसाळ्यात गच्चीवर वापरणार असाल तर आयपी६७ बघून घ्या. याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही.

नुसता प्रोब मिळण्याचा मुद्दा महत्त्वाचा, कारण आधी मरतो तो प्रोबच. थर्मिस्टर जातीच्या, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणाऱ्या, प्रोबची पिन एकसारखी दिसली तरी आतला रोध प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. दुसऱ्याचा लावला तर आकडा येतो, पण चुकीचा. के-टाइप थर्मोकपलचं तसं नाही, तो प्रमाणित असतो, कुणाचाही कुणालाही चालतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत के-टाइप प्रोब आणि तापमान दाखवणारे मल्टीमीटर विचारून बघा. जाळीवरचं तापमान बघायला अशी जोडणी पुरते. मात्र ती तार लांबवायची झाली तर के-टाइपचीच तार वापरा, साधी तांब्याची जोडली की चूक शिरते. आणि तापवल्यावर आकडा उतरत असेल तर दोन टोकं उलटी जोडली गेली आहेत, एवढंच. मांसात घालायला मात्र अन्नासाठीचा स्टीलचा प्रोबच घ्या.

गोल तबकडीचा काट्याचा थर्मामीटर नको. त्याची संवेदनशील पट्टी टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत पसरलेली असते आणि तो तेवढ्या सगळ्या लांबीची सरासरी दाखवतो. बारक्या मांडीत ती सरासरी निरुपयोगी आहे. कोविडच्या वेळी घराघरांत आलेली कपाळाचं तापमान बघायची बंदूकही नको, ती तापाच्या पट्ट्यापुरतीच बनलेली असते. औद्योगिक इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते, आत काय आहे हे तिला कळत नाही.

मध्येच वेडेवाकडे आकडे आले तर

तारेच्या थर्मिस्टर प्रोबचा आकडा अचानक खूप वर गेला, तर बहुधा स्टीलची नळी आणि तार यांच्या सांध्यात पाणी गेलंय. ओलीमुळे रोध घटतो आणि यंत्राला वाटतं तापमान वाढलं. प्रोब नळाखाली धुतल्यावर हे हमखास होतं, आणि पावसाळ्यात न धुताही. पिन बाहेर ठेवून धातूचा भाग शंभर-एकशेदहा अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा रिकाम्या स्मोकरमध्ये दोन तास वाळवा. पुष्कळ प्रोब यातून परत येतात. पुढे धुताना फक्त टोक ओल्या फडक्याने पुसा. तार झाकणाच्या कडेत चिरडू देऊ नका, स्मोकरला बाजूला भोक असतं त्यातून ती आत घ्या.

हातातल्या थर्मोकपलवाल्याचा आकडा एप्रिलच्या दुपारी भरकटत असेल तर यंत्र उन्हात किंवा स्मोकरच्या झाकणावर पडलं होतं का ते आठवा. थर्मोकपल दोन टोकांमधला फरक मोजतो आणि यंत्राच्या स्वतःच्या तापमानाची भर घालून आकडा काढतो. यंत्र झपाट्याने तापलं की ही बेरीज चुकते. सावलीत पंधरा मिनिटं ठेवा.

ब्लूटूथ तुटत राहणं हा थर्मामीटरचा दोष नाही. स्टीलचा बंद डबा, वर काँक्रीटचा स्लॅब, आणि तुम्ही खालच्या मजल्यावर. स्मोकरशेजारी ठेवायचा, सिग्नल पकडून पुढे पाठवणारा पुनर्प्रक्षेपक (रिपीटर) असलेलं मॉडेल घ्या, किंवा गच्चीवर एखादा जुना मोबाइल ठेवून तो वायफायला जोडा.

वीज गेली तर आकड्यांपेक्षा आधी आगीकडे बघा. पंखा बंद पडतो, पण अग्निपात्रातल्या गोळ्या धुमसत राहतात आणि आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकू शकते. हॉपरमधून धूर दिसला तर झाकण उघडू नका, प्लग काढा आणि निखारे विझेपर्यंत जवळ थांबा. वीज परत आल्यावर लगेच चालू करू नका, आधी अग्निपात्र रिकामं करा, नाहीतर साचलेल्या गोळ्या एकदम पेट घेतात. पेटवतानाची पहिली काही मिनिटं सोडली तर स्मोकरला फारच थोडी वीज लागते, त्यामुळे घरचा इन्व्हर्टर ती सहज पुरवतो. जोडणी आधीच करून ठेवा. इन्व्हर्टर नसेल, तर बॅटरीवरचा थर्मामीटर मटणातच राहू द्या आणि आकडा बघत राहा. गाभा ६०च्या खाली असेल आणि वीज लवकर येण्याची चिन्हं नसतील, तर मांडीचे तुकडे करून कुकरमध्ये घाला. धूर तोवर लागलेला असतो, आणि कुकरच्या १२० अंशांत उरलेलं मटण अर्ध्या तासात मऊ होतं.